उत्तर लगेच सांगायचं का?

प्रिय नंदू,

तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून धरते, एवढंच. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. शिक्षकांच्या विविक्त गणिताच्या (सुट्या सुट्या गोष्टी मोजण्या-जोडण्याच्या गणिताच्या) प्रशिक्षणात परवा जे झालं ते घरी सांगून पाहिलं. सगळ्यांनी नीट ऐकलं, पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

कोनिग्जबर्ग शहरातले सात पूल दिले होते: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल संपवायचे. कागदांमागून कागद भरले, कुणाला जमेना. मग प्राथमिकच्या एक बाई उठल्या. आल्या आल्या 'माझं गणित कच्चं आहे' म्हणणाऱ्या. म्हणाल्या, "एका पुलावरून आत शिरलं की बाहेर पडायला दुसरा लागतो, म्हणजे पूल जोडीजोडीनं संपतात. एक सुटा उरला तर प्रवास तिथून सुरू तरी व्हायला हवा, नाहीतर तिथे संपायला हवा. इथे एका भूभागाला पाच पूल, बाकी तिघांना तीन-तीन. चौघांकडे एकेक सुटा. सुरुवात एकाची, शेवट एकाचा, उरलेल्या दोघांचं काय?" नंदू, गणितज्ञ ऑयलरनं १७३५ साली पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेला युक्तिवाद, सूत्राचा स्पर्शही नसलेला! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वाजवल्याही.

आणि लगेच मागून प्रश्न आला, "हे कुठल्या धड्यात येतं? किती गुणांना?" मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. पोर्शन त्यांनाच संपवायचा असतो. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे, कारण पुढच्या तुकडीचं प्रशिक्षण माझ्याकडे दिलंय. आयोजकांना मोजणी, आलेख (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा), पुनरावर्तन, तर्क, सगळं हवंय. प्रत्येक प्रश्नाची एक स्लाइड, पुढच्या स्लाइडवर उत्तर. मला तीनच प्रश्न घ्यायचेत आणि उत्तर हातात द्यायचं नाहीये.

हस्तांदोलनाचंच बघ: प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर एकूण हस्तांदोलनं किती? चार जणांत सहा, पाचांत दहा, सहांत पंधरा. नवा माणूस आला की तो आधीच्या सगळ्यांशी हात मिळवतो, हे मोजता मोजता दिसतं, आणि पुनरावर्तन म्हणतात ते हेच. n माणसांसाठी n(n−1)/2 हे सूत्र आधीच फळ्यावर लिहिलं की उरतं फक्त किंमत घालणं. शिक्षकाला आम्ही जसं शिकवू तसंच तो वर्गात जाऊन शिकवणार.

दुसरी बाजूही खरी आहे. उत्तर माहीत नसताना चाळीस मुलांसमोर उभं राहायची भीती मला ठाऊक आहे. म्हणून नकाशा घेतोय, लागून असलेल्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायचे. एक प्रदेश, त्याभोवती पाच प्रदेशांचं कडं. यात सगळेच्या सगळे एकमेकांना लागून असलेले चार प्रदेश कुठेच नाहीत, तरी तीन रंग पुरत नाहीत. इथे लोक कडाकडा भांडतील, भांडू देत. मग सांगेन की कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात ही गणितज्ञ केम्पची १८७९ ची सिद्धता जाणकारांनी मान्य केली होती आणि हीवूडला तिच्यातलं भोक सापडलं ते १८९० मध्ये. अकरा वर्षं! मग वर्गात 'मला अजून कळलेलं नाही, उद्या बघू' म्हणायला कसली लाज?

याच चार रंगांवर ॲपेल आणि हाकेननं १९७६ साली संगणक लावून केलेल्या कामाला तू अजून सिद्धता मानत नाहीस ना? बंड्यानं त्या रात्री दिवा घालवला नसता तर आपण सकाळपर्यंत भांडलो असतो. माझं मत बदललेलं नाही: तपासलं म्हणजे तपासलं. पण 'उत्तर बरोबर असणं पुरत नाही, माणसाला ते कळायला हवं' हे तुझं वाक्य मी आता आयोजकांसमोर मांडतोय, अगदी तुझ्यासारखा हात उडवून. फार हसू नकोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा गुडघा? छोटीचा निकाल लागला की लगेच कळव, वाट बघतोय.

आणि मला एवढं सांग. तिसरा प्रश्न असा धरलाय: कोणत्याही गटात निदान दोघांच्या, त्या गटातल्या ओळखींची संख्या सारखी असतेच. कबुतरखान्याच्या तत्त्वानं (खणांपेक्षा कबुतरं जास्त असली की एका खणात निदान दोन येतातच) सुटतो, पण 'कुणालाच न ओळखणारा' आणि 'सगळ्यांना ओळखणारा' एका गटात मावत नाहीत ही मेख आधी दिसायला हवी. ती त्यांची त्यांना सापडेल का, की मी सुचवावी? तू असतास तर काय केलं असतंस ते सविस्तर लिही. स्लाइड्स आयोजकांकडे द्यायच्या आत उत्तर हवंय.

तुझा,
विनय