चष्मा सुटण्याचे आश्वासन

महोदय,

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत 'अ‍ॅकोमोडेटिंग' (जवळ-दूर पाहताना डोळ्यात स्वतः जुळवून घेणारे) भिंग बसवल्यास चष्मा कायमचा सुटेल, असे आमच्या आईला एका रुग्णालयात सांगण्यात आले. प्रत्यक्षात पंचांगातील बारीक अक्षरांसाठी तिला आजही चष्मा लागतो. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले क्रिस्टालेन्स हे तेथील असे पहिले भिंग. डोळ्यातील स्नायूच्या आकुंचनाने भिंग किंचित पुढे सरकावे व जवळचे स्पष्ट दिसावे, ही त्यामागची कल्पना असली, तरी ही हालचाल अनेकांत अपुरी पडते. मल्टिफोकल (जवळ-दूर अशा अनेक अंतरांसाठी बनवलेल्या) भिंगाप्रमाणे ते प्रकाश विभागत नाही, त्यामुळे रात्री दिव्यांभोवतीच्या वलयांचा त्रास कमी होतो, हा गुण मात्र खरा. जादा पैसे घेण्यापूर्वी ही मर्यादा रुग्णाला मराठीत लेखी कळवणे आरोग्य विभागाने बंधनकारक करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा