त्यातूनच कापून घ्या

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला पासबुक भरायला गेलो तेव्हा कळलं. काउंटरवर नवीन साहेब. तुमच्यासाठी नेलेले पेढे शिपाईमामांच्या हातात दिले आणि परत आलो. बाईमाणसाचा पत्ता मागणं बरं दिसेना, म्हणून हे असं उघडं पत्र. तुमचं किंवा शाखेचं नाव घालत नाही. वाचलंत तर ओळखालच.

7 जून 2024, शुक्रवार. मृगाच्या तोंडावरचा उकाडा. दुपारी बाराला मी पाच लाखांचा चेक पेटीत टाकला होता आणि तीन वाजता 46 हजारांचा एनईएफटीचा फॉर्म घेऊन तुमच्यासमोर उभा होतो. पेरणीसाठी ठेवलेले पैसे होते ते. तुम्ही सहज विचारलंत, "कुणाला पाठवताय, काका?" मी छाती काढून सांगितलं, "माळावर मोबाइलचा टॉवर बसतोय."

आमचा माळ तुम्ही पाहिलेला नाही. दीड एकर मुरूम, हुलग्याशिवाय काही धरत नाही. त्याला 25 लाख अनामत, महिन्याला 35 हजार भाडं आणि घरातल्या एकाला नोकरी, असा फोन आला होता. मंजुरीचं पत्रही आलं, वर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा शिक्का. मी सातबारा, आधार, पासबुक सगळ्याचे फोटो पाठवले. आधी नोंदणीचे अडीच हजार, मग कराराच्या स्टॅम्पचे 14,800 पुतण्याच्या मोबाइलवरून गेले. नंतर अनामतीचा पहिला हप्ता म्हणून तो चेक कुरिअरने घरी आला. खरा कागद, खरी छपाई. आता फक्त कराचे 46 हजार भरायचे, तेही आजच, नाहीतर टॉवर शेजारच्या गटात जाणार.

तुम्ही मला वेड्यात काढलं नाहीत. फॉर्म उलटा ठेवलात आणि म्हणालात, "त्यांना तुम्हाला 25 लाख द्यायचेत ना? मग हे 46 हजार त्यातूनच कापून घ्यायला सांगा की. फोन लावा, मी ऐकते."

मी स्पीकर लावला. तसंच बोललो. एरवी 'दादा, दादा' करणारा तो माणूस आधी नियम सांगायला लागला, मग पोलिसांची भीती घालायला लागला आणि शेवटी अरे-तुरेवर आला. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आजीसुद्धा म्हणाल्या, "ठेव रं तो फोन."

तरी माझं घोडं चेकवर अडलेलं. पाच लाख तर आले होते ना! मेसेज दाखवला. तुम्ही तो मोठ्यानं वाचायला लावलात: चेक क्लिअरिंगसाठी स्वीकारला. मी 'पाच लाख' एवढंच वाचलं होतं, मॅडम. मग तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवून काढता येणारी रक्कम दाखवलीत. तिथे माझे पेरणीचेच पैसे होते. शुक्रवारच का, तेही तुमच्याच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारपर्यंत चेक परत येणार नव्हता, आणि तोवर माझे 46 हजार तीन खाती फिरून गायब झाले असते. सोमवारी तो परत आला, 'सही जुळत नाही' म्हणून. परतीचा दंड माझ्याच खात्यातून गेला. तो मात्र लागला मनाला.

आता 4 ऑक्टोबर 2025पासून चेक त्याच दिवशी वटतो किंवा परत येतो. चोरांची ती तीन दिवसांची सोय गेली. पण टॉवरवाल्यांना चेकची गरज कुठे असते, पत्रावरच भागतं त्यांचं. ट्राय टॉवरसाठी ना हरकत दाखला देत नाही की कसली फी घेत नाही, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. आणि ज्यांना खरंच टॉवर बसवायचा असतो ते आधी जागेवर येतात. माझा माळ तर कुणी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. हे मला कसं सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

त्या लाजेपायीच मी गेलेल्या 17,300 वर पाणी सोडणार होतो. तुम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावून दिलात, व्यवहारांचे नंबर स्वतः वाचून दाखवलेत. त्यातले नऊ हजार पुढच्या खात्यात गोठले आणि कोर्टाच्या आदेशानंतर मला परत मिळाले. पाच महिने गेले, पण मिळाले. उशीर केला असता तर तेही उडाले असते, असं पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणाले.

नंतर पारावर मी सगळं सांगून टाकलं. हसतील वाटलं होतं. दोघं जण गप्प बसले आणि रात्री घरी आले. एकाचं टॉवरचंच, एकानं कर्ज मंजूर झालं म्हणून चार वेळा 'प्रोसेसिंग'चे पैसे भरलेले. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

माळावर यंदाही हुलगाच आहे, काढणीला आलाय. नवीन साहेब म्हणाले, तुमच्या शाखेकडे दर आठवड्याला टपाल जातं. पायलीभर हुलगे त्यांच्याकडे ठेवून जातो. पिठलं करा.

आपला,
टॉवरवाले काका