वॉर ऑफिसातला दिवा

लंडन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगायचं ठरवलं होतं, पण फोनवर नीट सांगता येईना.

परवा संध्याकाळी व्हाइटहॉलमध्ये हॉर्स गार्ड्सपाशी उभा होतो. समोर जुनं वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिशांच्या युद्धखात्याची कचेरी. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्यांत पिवळा दिवा लागलेला, पडदे अर्धे ओढलेले. कुणीतरी घरी आलं होतं.

१९०६ साली उभी राहिलेली ही इमारत. हजाराच्या वर खोल्या, आणि कॉरिडॉर एकापुढे एक धरले तर चार किलोमीटर होतील. किचनर युद्धमंत्री म्हणून इथेच बसायचा. २०१४ मध्ये सरकारने ती अडीचशे वर्षांच्या लीजवर दिली, पस्तीस कोटी पौंडांहून जास्त घेऊन. घेणारे हिंदुजा, माहीमच्या हॉस्पिटलवाले तेच, आणि त्यांचा स्पॅनिश भागीदार. आता तिथे मोठं हॉटेल आहे आणि ८५ आलिशान फ्लॅट.

आत गेलो. संगमरवरी जिना आणि हातांनी एकेक तुकडा बसवलेली मोझेकची फरशी इतकी जपलीय, की खरंच समाधान वाटलं. रिकामी पडून राहिली असती तर गळून गेली असती. पूर्वी तुझ्या-माझ्यासारख्याला दारातूनच परत पाठवलं असतं, हेही खरं.

पण जिन्यापाशी मला तुझे पणजोबा आठवले. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात आपली मराठा पलटण अडकली होती, पुण्याच्याच सहाव्या डिव्हिजनमधली. घोड्याचं मांस खायची पाळी आली. वेढा चालू असतानाच, फेब्रुवारी १९१६ मध्ये, मोहिमेची सूत्रं हिंदुस्थान सरकारकडून या इमारतीत आली. २९ एप्रिलला कूत पडलं. त्या तारा इथेच कुठल्यातरी टेबलावर येऊन पडल्या असतील. ते टेबल होतं त्या खोलीत आज कुणाचा तरी पलंग असेल. मला ते सहन होईना रे. राहणाऱ्यांवर राग नाही, त्यांनी पैसे मोजलेत. पण निदान एक मजला सरकारने लोकांसाठी ठेवायला हवा होता, जिथे साताऱ्याकडच्या आपल्या अपशिंग्याचं पोर येऊन म्हणेल, माझ्या गावचे ४६ जण त्या युद्धात गेले.

एक काम कर. गावातल्या त्यांच्या स्मारकशिळेचा फोटो पाठव. सकाळी काढ, ऊन तिरपं असताना, म्हणजे अक्षरं उठून दिसतील. आबांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र