गाळातले धन हवे, पण पाणी साफ कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (शक्तिशाली चुंबके, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांत लागणाऱ्या धातूंच्या) निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि तेव्हापासून ‘कचऱ्यातून सोने’ थाटाच्या बातम्यांना ऊत आला आहे. कोळसा खाणींतून पाझरणाऱ्या आम्लधर्मी पाण्यातून ही मूलद्रव्ये काढता येतात, ही त्यातलीच एक. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोळशालगतच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. खाण उघडली की हवा-पाणी लागून त्याचे गंधकाम्ल होते. काही जिवाणू हे काम झपाट्याने उरकतात. हे आम्ल आजूबाजूच्या खडकांतली दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये धुऊन आणते. एरवी नदीच्या पाण्यात ती लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावी लागतात, इथे मायक्रोग्रॅममध्ये. त्यातही मध्यम आणि जड गटातली, म्हणजे डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी मूलद्रव्ये तुलनेने जास्त. आपल्याकडे दुर्मीळ मृदा ज्यातून मिळतात त्या केरळ-ओडिशाच्या मोनाझाइट वाळूत नेमकी तीच कमी पडतात, तेव्हा मोह होणे साहजिक आहे. अशा पाण्यात चुना मिसळत गेले की आधी लोह नारिंगी गाळ होऊन तळाशी बसते, मग ॲल्युमिनियमचा पांढरट साका धरतो. सामू (पीएच) पाच-सहाच्या पुढे गेला की दुर्मीळ मृदाही बऱ्याच अंशी गाळात उतरतात. एक टन वाळलेल्या गाळात त्या असतात जेमतेम काही शे ग्रॅम.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने माउंट स्टॉर्म येथे याच तत्त्वावर प्रकल्प उभारला, त्याचे कौतुक आपल्याकडेही होते. पण तिथे गाळ आला कुठून? १९७७ च्या कायद्याने खाणवाल्यांवर पाणी शुद्ध करूनच सोडण्याची सक्ती आली आणि त्याआधी बेवारस टाकलेल्या खाणींसाठी कोळशाच्या दर टनामागे शुल्क घेऊन निधी उभा राहिला. चुना टाकून पाणी निवळण्याचे काम तिथे वर्षानुवर्षे चालू होते. विद्यापीठाने त्या साचलेल्या गाळात डोकावून पाहिले, इतकेच. पुढे २०२२ मध्ये त्या राज्याने कायदा केला, की जो पाणी शुद्ध करील, त्यातून निघालेल्या पदार्थांवर हक्क त्याचा. मला तर यंत्रापेक्षा हा कायदाच जास्त हुशारीचा वाटतो.

आता आपल्याकडे या. ईशान्येच्या कोळशात गंधक अनेकदा दोन ते सात टक्के. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांत उंदीरबिळांसारख्या खाणी खणून तो काढला गेला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान इथल्या खाणीत पाणी शिरून पंधरा कामगार अडकलेच. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार होते. पाहणाऱ्याला वाटावे काय सुंदर रंग, आणि त्यात मासा नाही. आसामातल्या कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे वरून येणाऱ्या याच आम्लधर्मी पाण्याने कुरतडली. खाणमालक पैसे घेऊन मोकळे झाले आणि पाणी अजून पाझरतेच आहे. जिथे शुद्धीकरणच नाही तिथे गाळ कुठला आणि गाळातले धन कुठले?

राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, त्यासाठी १६,३०० कोटींचा खर्च ठरला. त्यातला थोडा तरी पैसा आधी अशा नद्यांकाठी पाणी निवळण्यावर जावा. मूलद्रव्ये निघोत न निघोत, नदी तरी सुधारेल. उलट क्रमाने गेलो तर कंपन्या सर्वांत आम्लधर्मी, म्हणजेच सर्वांत ‘श्रीमंत’ झरे तेवढे उचलतील आणि बाकीचे पाणी गावांच्या गळ्यात मारतील.

आमच्या विदर्भातल्या वाचकांनी मात्र उगाच बाऊ करू नये. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन नावाच्या प्राचीन खडकथरांतला, त्यात गंधक साधारण एक टक्क्याच्या आत, त्यामुळे इथले खाणपाणी सहसा इतके आम्लधर्मी होत नाही. तरी तपासणीचे आकडे लोकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) या मूलद्रव्यांना मर्यादाच नाही, म्हणून प्रयोगशाळाही ती मोजायच्या फंदात पडत नाहीत. निदान ईशान्येतल्या लुखा, मिंतडू, कोपिली या नद्यांसाठी सामू, सल्फेट, लोह आणि सोबत दुर्मीळ मृदा यांचे आकडे दरमहा संकेतस्थळावर टाकावेत. आणि हिवाळ्यातले नमुने वगळू नयेत; पावसाळ्यात पाणी विरळ होते आणि सगळे आकडे गोड दिसतात.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर