सोहमचा पंप: वहिनीला पत्र

बर्मिंगहॅम, इंग्लंड
२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार. ती. आई-बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

सोहमला दिवसातून दोनदा दम्याचा पंप (इनहेलर) देऊनही खोकला थांबत नाही, म्हणून औषध बदलून घ्यावं का, असं तू विचारलंस. बदलण्याआधी ते औषध छातीत पोचतंय का ते बघ. पंप थेट तोंडात मारला तर बहुतेक औषध घशावर आदळून तिथेच राहतं. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी; तिच्यात फवाऱ्याचा वेग कमी होतो, थेंब बारीक होतात आणि श्वासाबरोबर खाली उतरतात. सोहम सहा वर्षांचा आहे, त्यामुळे मास्क काढून टाक आणि स्पेसरची तोंडाकडची नळी दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायला शिकव. मास्क साधारण चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी.

त्याला ताठ बसव. पंप चांगला हलव. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत मार. मग स्पेसरला लाव, एकच फवारा सोड आणि त्याला सावकाश पाच श्वास घेऊ-सोडू दे. प्रत्येक श्वासाला स्पेसरची झडप हलली पाहिजे. हलत नसेल तर तो नाकाने श्वास घेतोय किंवा ओठ सैल आहेत. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांब, पंप पुन्हा हलव आणि सगळं पहिल्यापासून कर. घाईत दोन फवारे एकदम सोडले तर औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं आणि छातीत उलट कमी जातं. रडणाऱ्या मुलाला बळेबळे देऊन उपयोग नाही. त्याला शांत कर, मग दे.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धू आणि उभा ठेवून निथळू दे. फडक्याने आतून पुसू नकोस. घासल्यामुळे प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच ओढलं जातं. नवा आणलेलाही आधी धुऊन घे. फक्त तोंडाची नळी बाहेरून पुसलीस तर चालेल.

डब्यात औषध किती उरलंय हे पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू राहतो आणि फवारा उडतच राहतो. आकडा दाखवणारा पंप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर हिशेब मांड: २०० फवाऱ्यांचा डबा, सकाळी दोन आणि रात्री दोन म्हणजे ५० दिवस. सुरू केल्याची तारीख डब्यावर पेनाने लिही.

आता बाबांची शंका: 'पंप लागला की सुटत नाही.' घाबरायचं कारण नाही, पंपात औषध गोळीपेक्षा कमीच असतं. तातडीच्या निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं आणि त्याच औषधाची छोटी गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, म्हणून मुलांचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. निळा पंप आकसलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैल करतो, पण आतली सूज त्याने जात नाही. सुजेसाठी रोजचा स्टेरॉइडचा पंप असतो. त्याचा गुण दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. 'आता बरा आहे' म्हणून घरात तोच पहिल्यांदा बंद होतो आणि महिन्याभरात खोकला परत येतो. सोहमच्या बाबतीत मला याचीच जास्त शंका आहे. हा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायला लाव, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. पहिल्या वर्षी उंची जेमतेम सेंटीमीटरभर कमी वाढू शकते, पण वारंवार दमा उसळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आपल्याकडे नेब्युलायझरलाही (औषधाचं धुकं करणाऱ्या मशीनला) 'वाफ'च म्हणतात, त्यामुळे आई पातेल्यातली वाफ देत असतील तर थांबव. दम्याला तिचा उपयोग नाही आणि भाजण्याची भीती मोठी. साधा किंवा मध्यम दमा उसळला तर स्पेसरमधून दिलेला पंप मशीनइतकंच काम करतो.

निळा पंप चार तासांच्या आत पुन्हा लागू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ ला फोन लाव आणि गाडी येईपर्यंत त्याला बसवून ठेव, आडवं करू नकोस. अर्ध्या ते एक मिनिटाने एक असे निळ्या पंपाचे दहा फवारे स्पेसरमधून दे. डॉक्टरांनी वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळ. खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप अशा वेळी मुळीच नको. आणि वहिनी, मूल थकून गप्प झालं आणि छातीतली शिट्टी थांबली, तर ते बरं होणं समजू नकोस. हवा आत जायचीच थांबत आलेली असते.

ईरालाही दमा आहे, पण तिचं वेगळं आहे. चौदाव्या वर्षी मैत्रिणींसमोर पंप काढायची लाज वाटते, म्हणून तिला रागावू नकोस. 'समजलं का?' विचारलंस तर ती 'हो' म्हणेल. त्याऐवजी 'करून दाखव' म्हण, आणि दर महिन्याला म्हण. बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, त्यासोबत स्टेरॉइड असावंच, अशी जागतिक शिफारस २०१९ पासून आहे. तिच्या चिठ्ठीवर एकटा निळाच असेल तर डॉक्टरांना विचार. पंप तिच्या दप्तरात हवा, ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात नको. इथे इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना तातडीसाठी निळा पंप स्वतःकडे ठेवता येतो. तुम्ही वर्गशिक्षिकेला निदान एक चिठ्ठी तरी द्या.

मामांच्या बागेत भुरी रोगासाठी गंधक मारतील, त्या दिवशी मुलांना तिकडे नेऊ नका. देवघरातला धूप आणि रात्रीची मच्छर कॉइलही बंद करा. डिसेंबरच्या सकाळी शाळेत जाताना नाकातोंडावरून मफलर हवाच, थंड कोरड्या हवेने नळ्या आकसतात.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सोहमला एक फवारा घ्यायला लाव. फोन समोरून नको, बाजूने धर, म्हणजे झडप हलते का ते मला दिसेल.

तुझी,
वंदू