पडवीतली चूल आणि आईचा दम

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर चुलीच्या धुराचा विषय काढला की आई "जेवलीस का?" विचारते आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तिला कळतं.

आईला नळीत फुंकायला लावून जी तपासणी केली, तिचा कागद मी इथल्या डॉक्टरांनाही दाखवला. दोघांचं म्हणणं एकच, सीओपीडी. श्वासनळ्या आतून सुजून अरुंद झाल्यात, घेतलेला श्वास पुरता बाहेर पडत नाही, म्हणून दोन पायऱ्या चढल्या की तिला धाप लागते. हा विडी ओढणाऱ्यांचा आजार, असं आपल्याकडे सगळे समजतात. आईनं विडी कधी हातात धरली असेल तर तुमची अर्धवट जळालेली फेकून द्यायला. पण लग्न होऊन आल्यापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे बसते, आणि फुप्फुसाला धूर तंबाखूचा की गोवरीचा, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

बाबा, तुमचं उत्तर मला पाठ आहे. "माझ्या आईनं अख्खा जन्म चुलीवर काढला, तिला काय झालं?" काय झालं ते आठवून बघा की. आजी गोठ्यातून घरात येताना मध्ये टेकायची. थंडीत रात्र रात्र भिंतीला पाठ लावून बसून असायची. आपण त्याला म्हातारपणाचा दमा म्हणायचो, आणि तेव्हा ती काही फार म्हातारी नव्हती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, त्याच्या कारणांतही आता चुलीचा धूर धरतात.

चुलीचा हा धूर मोजला गेला तोही फार उशिरा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकानं आपल्या शेजारच्या गुजरातेत, खेड्यातल्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्या स्वयंपाक करताना किती धूर ओढतात ते तपासलं. तोवर प्रदूषण म्हटलं की कारखान्याचं धुराडं, नाहीतर मुंबईचा रस्ता. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातली सगळी दम्यानं नाही गेली. धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तावरही परिणाम होतो, म्हणून त्यात हृदयविकार आहे, पक्षाघात आहे, लहान लेकरांचा न्यूमोनिया आहे. हवेच्या एका घनमीटरात असे कण दिवसाच्या सरासरीनं १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, असं ही संघटना सांगते. चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो.

आणि आपली खोली आता खरोखर बंद आहे. जुन्या घरात कौलांच्या फटीतून निदान थोडा धूर वर निघून जायचा, वासे काळे व्हायचे. तुम्ही हौसेनं स्लॅब टाकलात, माकडांचा त्रास नको म्हणून मागची पडवी पत्र्यांनी बंद केलीत, आणि चूल नेमकी तिथे मांडलीत. पाण्याचा बंबही तिथेच. पावसाळ्यात ओलं सरपण आणि चिपाडं धुमसतात तेव्हा मला दारातूनच मागं फिरावंसं वाटतं, आणि आई फुंकणी घेऊन तिथेच बसलेली असते.

गॅस आहे ना घरात? पण तो चहाला आणि पाहुण्यांना. २०१६ला उज्ज्वला योजना आल्यावर वाडीत ज्यांना ज्यांना शेगडी मिळाली, त्यांच्याकडेही हेच चाललंय, कारण सरपण रानात फुकट आणि सिलिंडरला रोख मोजावी लागते. म्हणून आपल्या सिलिंडरचे पैसे यापुढे मी भरणार. यावर वाद नको. चुलीवरच्या भाकरीची चव गॅसवर येत नाही हे मलाही मान्य आहे, अगदी शंभर टक्के. तेवढ्यासाठी एक चूल अंगणात आंब्याखाली मांडा, सणासुदीला पेटवा. बंब आधी बाहेर काढा. पडवीच्या वरच्या अंगाचे दोन पत्रे काढून तिथे जाळी बसवा, माकडं त्यातून येणार नाहीत.

आता तुमचं, बाबा. विडी सोडल्याचं तुम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगता, आणि रात्री खिडकी लावून उशाशी मच्छर अगरबत्तीची कॉइल पेटवता. चिनी आणि मलेशियन कॉइल जाळून केलेला एक अभ्यास २००३ साली छापून आला. एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. मच्छरदाणी पाठवतेय, ती लावा. देवाचा धूप तुळशीपाशी लावला तर देव काही रागवायचा नाही. आणि थंडीत निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दार लावायचं नाही, कधीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

दादा हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं म्हणतोय. त्याला नको म्हणून सांगा. चूल पेटती ठेवून त्या पडवीत ते काय करणार!

आईची गेलेली ताकद पूर्ण परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. धूर थांबला तर पुढची घसरण मंदावते, एवढं मात्र दोघांनीही सांगितलं.

तुमची,
ताई

ता. क. आई, श्वासातून औषध ओढायच्या पंपाची सवय लागते हे तुला शेजारच्या काकूंनी सांगितलंय, डॉक्टरांनी नाही. बरं वाटलं तरी रोज घ्यायचा, आणि घेतल्यावर चूळ भरायची. पत्रे कधी काढताय ते कळवा, मी दोन दिवस सुट्टी टाकून येते.