लेबर रूममध्ये अनूजवळ कोण थांबणार?

मिरज, रविवार

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, अनूच्या बाळंतपणाला डूला, म्हणजे कळांच्या वेळी जवळ थांबणारी, पैसे देऊन बोलावलेली सोबतीण, ठेवायची का, की पैसे पाण्यात जातील? मी नुसतंच "बघू" म्हटलं, कारण शेजारी बसून तुझे बाबा "आमच्या वेळी कुठे होती असली थेरं" हे पालुपद लावायच्या बेतात होते. म्हणून सवडीने लिहिते आहे. पत्र अनूलाही वाचायला दे. कळा तिला यायच्या आहेत, तेव्हा शेवटचा शब्दही तिचाच.

डूला म्हणजे शिकलेली सुईण असं तू बाबांना सांगितलंस, ते तेवढं बरोबर नाही. सुईण बाळंतपण करते. डूलाने आतून तपासायचं नसतं, बाळाचे ठोके बघायचे नसतात, इंजेक्शन-गोळीला हात लावायचा नसतो. तिचं काम बाईजवळ थांबायचं. कळ आली की कंबर दाबून धरायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची, दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी पाजायचं, कुशीवर वळवायचं, चालवायचं, आठवणीने लघवीला न्यायचं. (लघवी तुंबली की बाळाचं डोकं खाली सरकायला अडचण होते. हे साधं काम किती वेळा राहून जातं, काय सांगू.) आणि डॉक्टर घाईत काही बोलून गेले की ते तिला समजेल असं पुन्हा सांगायचं.

एवढ्यासाठी पैसे? असं बाबा विचारतील. त्यांना म्हणावं, हो, एवढ्यासाठीच. कारण एवढंच करायला लेबर रूममध्ये कुणाला उसंत नसते. मी तिथे नोकरी केली आहे. रात्रपाळीला टेबलं भरलेली, एकीचं सिझर निघालेलं, एकीचं बाळ रडत नाही म्हणून धावपळ. अशा वेळी सिस्टर कितीही मायेची असली तरी एकीचा हात धरून बसू शकत नाही. तिला ठोके ऐकायचे असतात, पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकताहेत त्याचा तक्ता) भरायचा असतो, बालरोगतज्ज्ञांना फोन लावायचा असतो. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, झाडलोट करणाऱ्या. फरशी पुसता पुसता त्या ओरडणाऱ्या बाईच्या कमरेवर नुसता हात ठेवायच्या आणि "सोड श्वास, सोड, झालंच बघ" म्हणायच्या. बाई शांत व्हायची. सर्टिफिकेट नव्हतं त्यांच्याकडे कसलंच.

पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा आई, आजी, सुईण उशाशी असायच्याच. ती बाळंतपणं दवाखान्यात आली हे फार चांगलं झालं. रक्तस्राव होऊन गेलेल्या बायकांच्या गोष्टी माझ्या आजीकडून ऐकल्या आहेत, तेव्हा जुनं ते सोनं असलं काही मी म्हणणार नाही. पण दवाखान्याचं दार आईला बाहेर बाकड्यावर बसवून लागलं, आणि आत पोरगी एकटी राहिली. हे चुकतंय हे सरकारलाही उमगलं. २०१६ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एक जण असू द्या. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई, आणि आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालेल. तिने पूर्ण वेळ थांबायचं आणि स्टाफच्या कामात लुडबुड करायची नाही, अशा अटीही होत्या. पुढच्या वर्षी सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी आलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतीणीची सोय धरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तर प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत हवी असं स्पष्टच म्हटलं. म्हणजे तू काही वेगळा चोचला करत नाहीयेस.

तुला आकडे लागतात, म्हणून तेही. १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका मोठ्या दवाखान्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे बायका एकट्याच कळा सोसत. त्यातल्या काहींजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, इतकंच. ज्यांना सोबत होती त्यांना दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सरासरी ८.८ तास लागले आणि एकट्या बायकांना १९.३. हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस. पुढे २०१७ मध्ये १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरचे अभ्यास कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी ही संस्था) एकत्र करून पाहिले, तेव्हा कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांच्या आसपास कमी झालेला दिसला. जिथे बाई अगदीच एकटी असते तिथे सोबतीचा फरक डोंगराएवढा दिसणार, हे उघड आहे. पण त्याच अहवालात सिझर कमी, वेदनाशामक औषधं कमी, आणि बाळंतपण वाईट गेलं असं म्हणणाऱ्या बायकाही कमी, असं निघालं. सिझर कमी होण्यात सर्वांत जास्त फरक डूलासारख्या सोबतीणीने पडलेला दिसला, म्हणजे जी दवाखान्याची नोकर नाही आणि घरातलीही नाही. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

आता सिझरचं. अनूच्या मनात ही भीती आहे हे मला ठाऊक आहे. तिच्या दोन मैत्रिणींचं झालं, आणि आकडेही तसेच आहेत: २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली होती. पण सिझर टाळायचं म्हणून डूला ठेवत असाल तर ठेवू नका. बाळाचे ठोके घसरले, बाळ आडवं असलं, वार खाली असली, तर जगातली कुठलीही डूला काही करू शकत नाही आणि तिने करूही नये. ‘नॉर्मलच करून देते’ असं छातीठोकपणे सांगणारी भेटली तर चहा पाजून वाटेला लाव. तसंच एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेणं म्हणजे हरणं, असं सुचवणारीलाही. कळा सोसण्याचं पदक कुणी देत नाही.

मग जवळ थांबणार कोण? चार माणसं आहेत, एकेकाचं बोलू.

पहिला तू. तू असायलाच हवंस, दवाखाना परवानगी देत असेल तर. पण बोट कापलं तरी तुला घेरी येते, आणि रात्रभर जागून तू सकाळी काय अवस्थेत असतोस हे मी पाहिलेलं आहे. तू तिचा माणूस म्हणून तिथे थांब. कंबर कुठे दाबायची हे दुसऱ्या कुणी दाखवलं तर तुझ्याही जिवाला आराम पडेल. डूला आली म्हणून नवऱ्याला आत काम उरत नाही असं नसतं, उलट त्याला काय करायचं ते कळतं.

दुसऱ्या विहीणबाई. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे हे सगळं खरं तर अमरावतीलाच व्हायचं होतं. पण व्याह्यांची बायपास नुकतीच झाली आहे, म्हणून पुण्यात करायचं ठरलं, आणि विहीणबाई वेळेवर पुण्याला पोचतील याची खात्री त्यांनाच देता येत नाहीये. त्यांना यासाठी भरीस घालू नका. बिचाऱ्या आधीच दोन्हीकडे ओढल्या जात आहेत.

तिसरी मी. तू म्हणालास, "आई, तू नर्स आहेस, मग डूला कशाला?" बंडू, मी नर्स आहे म्हणूनच नको. मी आत उभी राहिले तर माझे डोळे सलाईनच्या थेंबांवर आणि ठोक्यांच्या आकड्यावर जाणार. सिस्टरने हातमोजे कुठून काढले तेही मी बघणार. अनूच्या चेहऱ्याकडे बघायचं ते राहून जाईल. आणि दुसरं, जे तुला सुचणार नाही: कळा देताना बाई ओरडते, शिव्या देते, कपड्यांचं भान राहत नाही, शी होते. हे सासूच्या पुढ्यात करायचं कुठल्या सुनेला जमेल? आमचं दोघींचं कितीही चांगलं असलं तरी ती आवाज दाबून धरेल. तिला आवाज दाबायला लागू नये. तिने आपण होऊन मला आत बोलावलं तर मी धावत येईन. तू मात्र तिला तसं सुचवू नकोस.

चौथी डूला. माझं मत तिच्या बाजूने पडतं, पण दोन गोष्टी जुळल्या तर.

एक म्हणजे दवाखाना. ठरवण्याआधी, आगाऊ पैसे भरण्याआधी, अनूच्या डॉक्टरांना सरळ विचार: नवरा आणि डूला दोघं आत चालतील का, की एकच? रात्री दोन वाजता, तुमच्याऐवजी दुसरे डॉक्टर ड्युटीवर असले तरी चालेल का? ऑपरेशन थिएटरमध्ये तिला येता येईल का? ‘चालतं हो’ एवढ्यावर थांबू नकोस, फाइलवर लिहून घे. लेबर रूमच्या दारात वाद घालायची ती वेळ नसते. आणि एकालाच परवानगी असेल, तर तू की ती हे अनूने आत्ताच ठरवावं. डॉक्टर डूलाचं नाव काढताच चिडले तर त्यातूनही तुम्हाला डॉक्टरांबद्दल थोडंफार कळेल. मात्र डॉक्टर आणि डूला यांचं आपसात पटत नसेल तर दोघांच्या कात्रीत अनू सापडेल, हेही लक्षात असू दे.

दुसरं म्हणजे ती बाई स्वतः. आपल्याकडे डूलासाठी सरकारी नोंदणी नाही, परवाना नाही. कुणी मोठा कोर्स केलेला असतो, कुणी शनिवार-रविवारचा. तेव्हा सर्टिफिकेटच्या फ्रेमपेक्षा तिला समोर बसवून बोला. त्याच आठवड्यात तारीख असलेल्या आणखी किती जणी तिने घेतल्या आहेत? दोघींच्या कळा एकदम सुरू झाल्या तर बदली कोण येणार, आणि त्या बदलीला अनू आधी भेटली आहे का? डॉक्टरांनी सिझर सांगितलं आणि तिला पटलं नाही तर ती काय करते? यावर "मी तुम्हाला डॉक्टरांना प्रश्न विचारायला मदत करते, निर्णय तुमचा" असं उत्तर आलं तर ठीक. "मी डॉक्टरांना सांगते" असं आलं तर नको. एरंडेल, काढे, कुठल्या गोळ्या सुचवत असेल तर मुळीच नको.

आणि भाषा. अनू एरवी तुमच्या ऑफिसच्या इंग्रजीत बोलते, पण राग आला किंवा दुखलं की तिची वऱ्हाडी बाहेर येते. ऐन कळांत तिला इंग्रजीतून श्वास शिकवणारी बाई काय कामाची? मराठीत जीव ओतून बोलणारी बघा.

डूलाचा सर्वांत जास्त उपयोग घरीच होतो, असं मला वाटतं. पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्या की घरचे घाबरून लगेच गाडी काढतात. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ कितीही लांबू शकतो. तो दवाखान्याच्या पलंगावर पडून काढला की बाई थकते आणि सगळ्यांचा धीर सुटतो. त्या वेळी घरी कुणी जाणतं माणूस असलं, चालायला, अंघोळ करायला, भातपिठलं खायला लावणारं, तर फार बरं. अर्थात कधी निघायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ हलायचं कमी झालं, तर डूलाला फोन नंतर, आधी दवाखाना.

पैशांचं म्हणशील तर तू सांगितलेली रक्कम कमी नाही. पण डोहाळजेवणाला हॉल आणि फोटोग्राफर घ्यायचं चाललंय असं कानावर आलं. ओटी घरीच भरू, जेवण मी आणि तुझी मावशी करू, आणि फोटो तुझ्या फोनवरही चांगले येतात. उरलेले पैसे कुठे घालायचे ते तुम्ही बघा. आणि अनूला डूला नकोच वाटली तर तोही विषय तिथेच संपव. तिची ती अमरावतीची मैत्रीण, जिला दोन मुलं आहेत, ती पुण्यातच राहते ना? पूर्ण वेळ थांबणारी आणि स्वतः न घाबरणारी एवढंच बघायचं, मग मैत्रीणही चालते.

बुधवारी तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून मला कळव. मी पाचवीच्या आधी येऊन राहायचं की कळा सुरू झाल्या की निघायचं, हेही अनूलाच विचार. तोवर मी तिकीट काढत नाही. डिंक आणि अळीव आणून ठेवलेत, लाडू मात्र बाळ झाल्यावरच वळेन.

तुझी,
आई